साडेपाचचा पाना

"मागचा उजवा शॉकअप पुन्हा सुटला," असं म्हणत अश्विननं गाडी काउंटरवर ठेवली. "उद्या सकाळच्या गाडीनं मी हैदराबादले जाऊन राहिलो, चंदा. आता कायमचं बसवून दे. तिकडं मले कोन करून देईन?"

चंदानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. त्याला नोकरी लागल्याचं तिला पंधरा दिवसांपासून ठाऊक होतं. पण 'उद्या' हा शब्द आजवर कोणी तिच्या तोंडावर म्हटला नव्हता.

अकोल्याच्या जुन्या कापड बाजारातलं हे दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. वडील दुपारी जेवायला घरी गेले की ते चंदाच्या ताब्यात असतं. आणि काउंटरवरची गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी हातभर लांबीची जीप. तिला खेळणं म्हटलेलं अश्विनला खपत नाही. ती पळत नाही, दगड चढते. बाळापूरच्या नदीपात्रात, गोगलगायीलाही कंटाळा यावा अशा बेतानं. वरची बॉडी विकतची, पण खालचा सांगाडा चंदाच्या हातचा. मोडक्या रॅकच्या दोन पट्ट्या, त्यांना दांड्यांनी जोडलेली चाकं, आणि प्रत्येक चाकाशी करंगळीएवढा शॉकअप. एक चाक दगडावर गेलं की दुसरं खड्ड्यात उतरून जमीन शोधतं, आणि मधली जीप अशी सपाट राहते की तिच्यावरून पाण्याचा पेला न्यावा.

फक्त तो मागचा उजवा शॉकअप. दिवाळीपासून दर रविवारी तो सुटायचा. दर सोमवारी अश्विन बाळापूरहून मोटरसायकल हाणत यायचा, "नट नदीत पडला" म्हणायचा, आणि चंदा नवा नट लावून द्यायची.

या एका नटापायी तिनं काय नाही केलं! शॉकअप तिरपा केला, मग उभा केला. स्प्रिंग मऊ घातली. मागच्या दांड्यांची उंची तीनदा बदलली. बॅटरी पुढे नेऊन खाली बसवली. प्रत्येक बदलानं गाडी आणखी सुरेख चढू लागली, आणि नट सुटायचा तो सुटायचाच. आपल्या कामात खोट आहे, या विचारानं तिला अन्न गोड लागत नसे. आणि खरं सांगायचं तर, ती खोट कधी सापडूच नये असंही तिला वाटायचं. सापडली तर सोमवारी कोण आलं असतं?

आणि आता हैदराबाद. तिथून कोण दर सोमवारी येतंय?

"एवढी सुटते त फेकून दे ना बावा," कोपऱ्यातल्या स्टुलावरून बेबीताई म्हणाल्या. ब्लाउज शिवायचे अडलेत म्हणून त्या आपलं मशीन घेऊन सकाळपासून ठाण मांडून बसल्या होत्या. त्यांच्या कानावर पडलेलं संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

चंदानं नव्या नटांची डबी उघडली.

"आज नट आहे," अश्विन म्हणाला, आणि खिशातून काढून त्यानं तो तिच्या तळहातावर ठेवला.

सवयीनं तिनं तो भिंगाखाली धरला. नटाचे दोन कोपरे घासले जाऊन चकाकत होते. चंदाचा पाना नटावर टोपीसारखा बसतो, त्यानं ओरखडा उठत नाही. हे काम उघड्या तोंडाच्या पान्याचं होतं. आतल्या आट्यांत, नट ढिला होऊ नये म्हणून तिनं गेल्या सोमवारी लावलेला निळा गोंद भुगा होऊन अडकला होता. तो गोंद दगडांच्या धक्क्यांनी सुटत नाही. जोर लावून नट फिरवावा लागतो.

इतके महिने ती सांगाड्यातली खोट शोधत होती. सांगाड्यात खोट नव्हतीच.

तिला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडू येईल की काय असं वाटलं. पाच महिने हा माणूस दर रविवारी घरी बसून स्वतःच नट सोडवत होता. आणि तिला कळलं ते आज, तो जायच्या आदल्या दिवशी.

"तू कितीचा पाना वापरतं?" तिनं भिंगावरून मान न उचलता विचारलं.

"साडेपाचचा," अश्विन बोलून गेला. त्याचे कान लाल झाले.

"काय झालं वं?" बेबीताईंनी मान पुढे काढली.

"काही नाही ताई. नटाचं माप विचारलं."

फळीवर गोंदाच्या दोन बाटल्या होत्या. निळा पान्यानं सुटतो. लाल एकदा लावला की तापवल्याशिवाय सुटत नाही. अश्विननं लाल बाटलीकडे पाहिलं.

"लालच लाव," तो खालच्या आवाजात म्हणाला. "जाऊ दे आता."

चंदानं निळी बाटली उघडली, एक थेंब सोडला आणि नट बसवला. चारही चाकं एकेकदा दाबून पाहिली आणि गाडी त्याच्याकडे सरकवली.

"आता नाही ना सुटत?" बेबीताईंनी विचारलं.

"आपोआप नाही सुटत," चंदा म्हणाली, आणि अश्विनकडे वळली. "पाना सामानात ठेवला का?"

"नाही. घरीच ठेवून चाललो होतो."

"मंग ठेव," ती म्हणाली. "तिकडं बी लय दगडं आहेत म्हनतेत."