धुतलेली गाडी

डॅरिलच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग वेग ऐंशीच्या पुढे गेला की हुडहुडी भरल्यासारखं थरथरायचं. त्याने बेअरिंग बदलले, टायर बदलले आणि शेवटी खापर बायकोवर फोडलं, "तुझ्या हातातच दोष आहे, ग्लेनिस!" गाडी मात्र कधी धुतली नाही, त्याच्या मते ते ब्रिस्बेनच्या शहरी लोकांचे चोचले.

बहिणीच्या लग्नाला जायचं म्हणून ग्लेनिसनेच ती धुतली, तेव्हा चाकाच्या आतून वाळलेल्या चिखलाचं पावाएवढं ढेकूळ पडलं. मग शंभरच्या वेगातही स्टिअरिंग थरथरलं नाही.

"बघ, आता कुठे तुला स्टिअरिंग धरता यायला लागलं!" शेजारी बसलेला डॅरिल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी डॅरिल एकटाच नेणार होता.

ग्लेनिसने ते ढेकूळ भिजवलं आणि चाकात परत नीट थापलं.