शिखरदर्शनाचा बाक

हिमशिखरासमोर दोन क्षण बसलं की माणसाचा अहंकार गळून पडतो. निदान खिंडीतल्या नव्या फलकावर तसं लिहिलं होतं. फलकाशेजारी नवा दगडी बाक होता आणि बाकाची पाठ शिखराकडे होती.

हे आधी अध्यक्षांच्या लक्षात आलं. ते शिखरदर्शन समितीचे अध्यक्ष, आणि समितीचं हे पहिलंच बांधकाम. पर्यटन खात्याचे साहेब जागा तपासायला खालून निघाले होते. त्यांना पसंत पडली, तर ट्रेकर मंडळींच्या नकाशावर इथे एक ठिपका पडणार होता. शेजारच्या गावाचे दोन आधीच पडले होते.

"हे काय केलंस?"

"बाक," मिस्त्री म्हणाला. तो अध्यक्षांचा मेहुणा. बाकाच्या कडेवरून तो पुन्हा पुन्हा हात फिरवत होता. आजवर त्याने घरं बांधली होती, गोठे बांधले होते. पण परकी माणसं येऊन बसतील असं काही बांधायची ही पहिलीच वेळ.

"तोंड कुठे आहे त्याचं?"

"गावाकडे."

"आणि शिखर?"

"मागे. शिखर मागेच असतं, भाऊजी."

यात लबाडी काही नव्हती. गावातलं घर न् घर शिखराकडे पाठ करूनच उभं होतं. तिकडचा वारा थेट हाडात शिरतो, म्हणून त्या अंगाला भिंत जाड आणि खिडकीचं नाव नाही. मिस्त्री हे वडिलांकडून शिकला होता. शिखराकडे तोंड करून काही बांधणं म्हणजे त्याच्या लेखी पाया वर आणि छप्पर खाली घेण्यासारखं होतं.

"अरे, लोक एवढं चढून येतात ते काय आपली छपरं बघायला?"

"तुमच्या घराला तिकडे खिडकी आहे?"

"नाही."

"मग तुम्ही तरी कुठे बघता शिखर?"

"मी ट्रेकर आहे का?" अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "मेहुण्याला काम दिलं म्हणून गावात आधीच कुजबुज आहे. साहेबांनी नापास केलं तर तुझी बहीण मला घरात घेणार नाही. ती पहार आण. उखड आणि फिरव."

मिस्त्रीने पहार आणली, बाकाच्या बुडाशी टेकवली. मग त्याने खाली पाहिलं.

खाली सगळं गाव सपाट छपरांवर चढलं होतं. वर साहेब येणार, आपल्या मिस्त्रीच्या बाकावर बसणार, ते बघायला. मिस्त्रीच्या वडिलांचे गुडघे गेलेले. त्यांना चौघांनी खुर्चीसकट छपरावर नेऊन ठेवलं होतं. पिवळ्या घोंगडीवरून ते इथूनही ओळखू येत होते.

"मी नाही उखडणार," मिस्त्री म्हणाला. "बाबा बघतायत. बाक तिकडे फिरवला तर त्यांना नुसती मागची बाजू दिसणार. वर बसलेला माणूस नको दिसायला?"

"म्हणजे हा बाक साहेबांना गाव दिसावं म्हणून बांधलास, की गावाला साहेब दिसावेत म्हणून?"

मिस्त्रीने थोडा विचार केला. "दोन्ही होतंय की."

अध्यक्षांनी स्वतःच पहार हातात घेतली आणि सगळा जोर लावला. बाक हलला नाही. अध्यक्षांची कंबर हलली. मिस्त्रीने चेहरा पाडायचा प्रयत्न केला, पण चेहरा काही पडेना.

तेवढ्यात वळणावरून साहेब आले. आधी त्यांचा श्वास आला, मागाहून ते, आणि बऱ्याच मागाहून खात्याचा फोटोग्राफर. अध्यक्षांनी स्वागताला पुढे केलेला हात ओलांडून साहेब थेट बाकावर कोसळले.

खाली छपरांवर हात वर झाले. आवाज पोचत नव्हता, पण तो होत असणार हे दिसत होतं.

"हे… कोण?" साहेबांना एका दमात एवढंच जमलं.

"आमचं गाव, साहेब."

"माझ्यासाठी जमलेत?"

अध्यक्षांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री पिवळ्या घोंगडीकडे पाहत होता.

"तुमच्यासाठीच," अध्यक्ष म्हणाले.

साहेबांनी हात केला. छपरांनी दुप्पट हात केले. साहेबांनी मग दोन्ही हात केले. आजवर तपासलेल्या एकाही निसर्गरम्य जागेने त्यांना उलटून हात केला नव्हता. ते ताठ बसले, कॉलर सारखी केली.

"साहेब, शिखर जरा मागच्या बाजूला…"

"थांबा हो, दम तर खाऊ द्या."

फोटोग्राफरने पुढे येऊन फोटो काढला.

"शिखर आलं का?" साहेबांनी मान न वळवता विचारलं.

"आलं. बरोबर तुमच्या डोक्यावर."

"मग झालं." त्यांनी बाकावर थाप मारली. "पक्का आहे. कुणी बांधला?"

"समितीने," अध्यक्ष म्हणाले.

"मी," मिस्त्री म्हणाला.

"जराही हलत नाही."

"नाही हलत, साहेब. आत्ताच भाऊजींनी हलवून बघितला."

साहेबांनी मिस्त्रीचा हात हातात घेतला आणि खालच्यांना दिसेल असा चांगला उंच धरला. छपरावर पिवळी घोंगडी खुर्चीतून उठली, आणि धरायला धावलेल्यांना बाजूला सारून उभी राहिली.

जागा तिथल्या तिथे मंजूर झाली. मग सगळे उतरून गेले.

शिखर त्या दिवशी दुपारपर्यंत लख्ख उघडं होतं. असे दिवस वर्षातून जेमतेम आठ-दहा येतात.