वराकडचा माणूस

सगळे नळ उघडे टाकून प्रल्हादकाकांनी पंप बंद केला. पाइपांत उरलेलं पाणी गुडगुडत बाहेर आलं, मग थेंब थेंब, मग नुसती हवा. मिशिगनच्या पार उत्तरेला, तळ्याकाठच्या या लाकडी घराला इथल्या लोकांसारखं तेही ‘कॅम्प’च म्हणत. थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून नोव्हेंबरात तो असा कोरडा करून कुलूप लावायचं. होडी उपडी घालून झाली होती. उंदरांच्या वाटा सुलभाकाकूंनी तारेच्या घासण्या कोंबून बुजवल्या होत्या. उद्या सकाळी ओहायोतल्या डब्लिनचं घर, पुढच्या आठवड्यात पुणं, आणि एप्रिलपर्यंत दोन्ही घरं बंद.

राहिली होती फक्त तुळस. लाकडाच्या शेगडीजवळ, खुर्चीवर, कुंडीत बसलेली.

“नैनाकडे ठेवू,” काका म्हणाले.

“तुमच्या लेकीने आजवर तीन मारल्यात.”

“शिकागोत ऊन कमी असतं गं.”

“ऊन नाही, लक्ष कमी असतं.”

“मग मंजिऱ्या काढून घे. एप्रिलमध्ये परत पेर.”

“म्हणजे मुलीचे फोटो जपून ठेवायचे आणि मुलीला बर्फात टाकायचं?”

काका हसले. “मग आर्नीला विचार.”

काकूंनी खुर्ची शेगडीकडे आणखी सरकवली. आर्नी कोस्केला हा शेजारी, बारा महिने इथेच राहणारा. त्याच्या स्वयंपाकघराला दक्षिणेची मोठी खिडकी होती. बायको होती तोवर ती झाडांनी गच्च भरलेली असे. बायको गेली आणि आठवड्याच्या आत त्याने सगळ्या कुंड्या चर्चमध्ये नेऊन ठेवल्या. ‘बघवत नाही,’ एवढंच म्हणाला. अशा माणसाला कुंडी सांभाळ म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

“आज पौर्णिमा. पुढे मुहूर्त नाही,” काकू म्हणाल्या. “लग्न तर लावून टाकू. मग बघू.”

चार वाजता आर्नी मक्याची पाच वाळकी धाटं खांद्यावर टाकून आला. ऊस इथे कुठला? काकूंनी सकाळी त्याच्या परसातला मका मागून ठेवला होता. अंगात भडक नारिंगी जाकीट, डोक्यावर तशीच टोपी. हरणांच्या शिकारीचे दिवस, तेव्हा चुकून गोळी लागू नये म्हणून रानात पाऊल टाकणारा जो तो असाच नटलेला.

“नवरी कोण?” त्याने विचारलं.

काकूंनी कुंडी दाखवली. पानं थंडीने थोडी तांबूस झाली होती, पण शेंडा हिरवा होता. कुंडीला त्यांनी आपल्या जुन्या खणाचा तुकडा गुंडाळला होता.

“छान दिसतेय,” आर्नी गंभीरपणे म्हणाला. “आणि नवरा?”

“आमचा बाळकृष्ण डब्लिनला राहिला. आज हा.” काकूंनी त्याच्या रुंद तळव्यावर एक सुपारी ठेवली. “आम्ही दोघं मुलीकडचे. वराकडचं कोणीतरी हवं ना, ते तुम्ही.”

त्याने टोपी काढायला हात वर नेला.

“राहू दे, राहू दे,” काका म्हणाले. “वराकडच्याला फेटा हवाच.”

“मी करायचं काय?”

“रुबाबात उभं राहायचं. वराकडच्यांना दुसरं काम नसतं.”

धाटांचा मांडव झाला. पंच्याचं एक टोक दाराच्या खुंटीला, दुसरं काकांच्या हातात, असा अंतरपाट धरला. काकांना मंगलाष्टकं दीडच येत होती. ती त्यांनी दोनदा म्हटली. ‘सावधान’ म्हणताच काकूंनी अक्षता टाकल्या. ते पाहून आर्नीनेही टाकल्या, कोंबड्यांना दाणे फेकावेत तशा. पंचा खाली आला. पेढे नव्हते. मेपलच्या साखरेचे खडे सगळ्यांनी तोंडात टाकले.

“झालं?” आर्नी म्हणाला. “आता काय?”

“आता मुलगी सासरी जाते,” काकू बोलून गेल्या, आणि थांबल्या.

“म्हणजे कुठे?”

“नवऱ्याच्या घरी.”

आर्नीने मुठीतल्या सुपारीकडे पाहिलं. काका पंच्याची घडी घालत होते. घातलेली घडी त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली.

“म्हणजे माझ्याकडे.”

“छे छे, तसं नाही,” काकू घाईने म्हणाल्या. “ते आपलं म्हणायची रीत...”

“ऊन किती लागतं हिला?”

“मिळेल तेवढं.”

“खिडकी रिकामीच आहे.” तो तळ्याकडे बघत होता. “पाणी?”

“रोज थोडं. रविवारी नाही.”

“रविवारी का नाही?”

“त्या दिवशी तिचा उपास असतो.”

“मीही रविवारी काही करत नाही,” आर्नी म्हणाला. “जमेल आमचं.”

त्याने आधी जाऊन ट्रकचा हीटर लावला. गाडी तापेपर्यंत कोणालाही कुंडी बाहेर काढू दिली नाही. मग घोंगडीत लपेटून ती शेजारच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला, ओढून पाहिला. सुपारी जाकिटाच्या आतल्या खिशात गेली. रानातल्या खडीच्या रस्त्यावरून एरवी धूळ उडवत जाणारा तो ट्रक माणसाच्या चालीने निघाला. झाडांमधून त्याचे लाल दिवे बराच वेळ दिसत राहिले.

काकूंनी शालीच्या टोकाने डोळे पुसले.

“कमाल आहे तुझी,” काका म्हणाले. “नैनाच्या लग्नात तर टिपूस काढलं नव्हतंस.”

“कशी काढणार?” काकू म्हणाल्या. “सासरी जाताना गाडी तीच चालवत होती. आणि मागच्या सीटवर आपण दोघं.”