नावाच्या चिठ्ठ्या

१९१४चा ऑगस्ट होता. जर्मन फौज फ्रान्सवर निघाली होती, आणि वाटेत पडणारं बेल्जियम आपण तटस्थ असल्याचं जगाला सांगत होतं. सीमेवरच्या एका गावात मेयर ऑक्टावनं त्याहून वरताण केली. कुणा माथेफिरूनं गोळी झाडू नये म्हणून त्यानं गावातल्या शिकारीच्या सगळ्या बंदुका कचेरीत जमा केल्या आणि प्रत्येकीला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधली.

"हे आणि कशाला?" थोरल्या बहिणीनं, झेलीनं विचारलं.

"अगं, फौज पुढे गेली की ज्याची त्याला परत द्यायला नको? आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"मग त्यांच्यासाठी कॉफीपण उकळून ठेव की!" झेली फणकारली.

दुसऱ्याच दिवशी जर्मन कप्तान कचेरीत शिरला. त्यानं एकेक चिठ्ठी वाचली.

"बघा साहेब, आम्ही तटस्थ," ऑक्टाव हसत म्हणाला.

"दिसतंय ना. कुठल्या बंदुकीनं कुणी आम्हाला मारायचं, तेसुद्धा ठरवून ठेवलंय!"

चौकातल्या भिंतीपाशी ऑक्टावसकट चिठ्ठ्यांवरच्या सगळ्यांना उभं केलं. परक्या भाषेतली ती नावं पुकारताना शिपाई एकदाही अडखळला नाही. झेलीच्या भावाचं अक्षर पहिल्यापासूनच मोत्यासारखं होतं.