फक्त आडवं व्हायचं

दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून तिच्या पायांचे तुकडे पडले होते. घराकडे निघाली, तर चौकात एक चित्रकार मुलगी हातात खडू घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवत होती.

"ताई, फक्त जमिनीवर आडवं व्हायचं. मी तुमच्याभोवती रेघ मारणार. सगळ्यांचं मिळून एकच मोठं चित्र होईल."

असल्या भानगडीत ती कधी पडत नसे. पण आडवी हो, असं तिला कित्येक दिवसांत कुणी म्हटलंच नव्हतं. "चालेल," म्हणाली, पिशवी उशाला घेतली आणि लवंडली. खडू खांद्यापर्यंत यायच्या आत तिचा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला चित्र दाखवायला घेऊन आली. जमिनीवर कुणी नाचत होतं, कुणी उडत होतं.

"यातली मी कुठली, ओळखा बघू."

त्याने लगेच बोट दाखवलं. कुशीवर, अंग चोरून झोपलेली आकृती. एक हात तेवढा बाजूला लांब केलेला.

"इतक्या पटकन कसं ओळखलंत?"

"हातावरून. आई आजारी होती तेव्हा तिचा श्वास चालू आहे ना, हे कळावं म्हणून तू असाच तिच्या छातीवर हात ठेवून झोपायचीस." त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. "पण अगं, आईला जाऊन वर्ष होऊन गेलं."

ती खडूच्या त्या हाताकडे बघत राहिली.

"हो ना," ती म्हणाली. "हाताला सांगायचं राहूनच गेलं."