पाचवी पट्टी

संशोधन केंद्राच्या दीपमाला मॅडमनी गव्हाच्या पहिल्या पट्टीतली ओंबी तळहातावर चोळली. दाणे सुटले, पण एकूण एक दाण्याला मोड. अवकाळी पावसाने उभ्या गव्हालाच कोंब फुटले होते. दुसऱ्या पट्टीत तेच, तिसऱ्या पट्टीत तेच. चौथी तर कोंबांनी बांधावरूनच हिरवी दिसत होती. पाचव्या पट्टीतली ओंबी चोळली आणि मॅडम हसल्या. दाणा कोरडा, टणक. एकालाही मोड नाही.

पुष्पाबाई बांधावर उभी होती. पाच पट्ट्यांत पाच वाण एकाच दिवशी पेरायचे, पावसात कोणता टिकतो ते बघायचं, हे केंद्राचं काम तिच्या मुलाने, नवलने हौसेने अंगावर घेतलं होतं. पेरणीच्याच दिवशी दुपारी तो विहिरीवर मोटर चालू करायला गेला, आणि शॉक लागून तिथेच संपला.

मॅडम पाचव्या पट्टीच्या ओंब्या पिशवीत भरू लागल्या. हा वाण आता गावोगाव देऊ म्हणाल्या. शिंदखेड्याच्या मेळाव्यात सांगू, नवलभाऊंच्या शेतात पारखलेला गहू आहे म्हणून. लोक पेरतील तेव्हा त्यांचं नाव घेतील.

नवल गेल्यापासून त्याचं नाव असं हसून कुणी घेतलं नव्हतं. पुष्पाबाईला वाटलं, नुसतं ऐकत राहावं. तिने पदर तोंडाशी धरला. पण पाऊस पडला तेव्हा ही पाचवी पट्टी अजून कच्ची, हिरवी होती, ते तिने बघितलं होतं. पुढच्या साली सारं गाव हाच गहू पेरणार.

“ताई,” ती म्हणाली, “पाचवी पट्टी नवलनी पेरेल नई. चार पट्ट्या व्हयन्यात अन् तो गया. सुतकमा पेरानी पांभर चालस का? तेरावा व्हयना, मंग आमना सालदार वना, त्यानी पेरी.”

मॅडमचा हात पिशवीतच राहिला. तेराव्यानंतर पेरलेली पट्टी पावसात कच्चीच होती, आणि हिरव्या दाण्याला पावसाने मोड येत नाही. म्हणजे या वाणाची परीक्षा झालीच नव्हती. मेळाव्याचं त्या पुन्हा बोलल्या नाहीत. पिशवी मिटून त्यांनी ढेकळांवर ठेवली.

पुष्पाबाईने विचारलं, आता बाकीचं कापू का. मॅडम बघेपर्यंत कुणी हात लावायचा नव्हता, म्हणून पीक उभं होतं. आखाजीला, अक्षय तृतीयेला, गेलेल्या नवलच्या नावाने पहिली घागर भरायची, नैवेद्याला या गव्हाचे पुरणाचे मांडे ठेवायचे.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, मोडाच्या गव्हाची कणीक धरत नाही, अक्का. मांडा हातावर घेतला की फाटेल. हा पाचवीतला गहू न्या, आता तो माझ्या कामाचा नाही.

पुष्पाबाई विळा घेऊन पहिल्या पट्टीत वाकली होती.

“फाटू दे, ताई,” ती म्हणाली. “हाऊ गहू त्याना हातना शे.”