टपरीतली फ्रेम

सहा वर्षं कोर्टात चपला झिजवल्यावर चावीवाल्यावरची चोरीची केस शेवटी रद्द झाली. जुन्या गाळ्याच्या मालकाला तो रिकामा करून हवा होता, म्हणून त्याने हा खोटा आळ घेतला, असं न्यायाधीशांनी निकालात स्वच्छ लिहिलं. गाळा तर पहिल्याच वर्षी हातचा गेला होता. तेव्हापासून चावीवाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या गल्लीत, एका टपरीत बसायचा.

"आता तरी ताठ मानेने बसा," म्हणत बायकोने निकालाचं पान फ्रेम करून आणलं. त्याने ते चावी घासायच्या मशीनच्या वर टांगलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाईक, शाळेतल्या बाई, घराची जादा चावी करून घ्यायला आल्या. मशीन चालू होतं तोवर त्यांनी ते पान पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत वाचून काढलं.

"चोरीची केस होती तुमच्यावर?"

"खोटी होती, बाई. कोर्टानेच लिहिलंय बघा."

"वाचलं ना. बरं झालं हो, सुटलात एकदाचे."

चावी पर्समध्ये टाकून त्या गेल्या. तासाभराने समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवं कुलूप घेऊन बाहेर पडताना त्याला दिसल्या.

संध्याकाळी तो फ्रेम काखेत मारून घरी आला.

"अहो, काढलीत कशाला? खिळा निघाला का?"

"खिळा पक्का आहे," तो चपला काढत म्हणाला. "अगं, माझ्यावर केस होती, हे त्या गल्लीत कुणाला ठाऊकच नव्हतं."